घराचं झाकण

ये गो सुने, ये गो, दे गो हातामदी हात
माज्या घराचं झाकान, तुज्या पदराच्या आत

हा आवाज ताहेरुन्निसाने पहिल्यांदा ऐकला तेव्हा ती उंबऱ्याबाहेर उभी होती, नवी नवरी. तोंडावर फुलांचा सेहरा, त्यातून गाणारीचा चेहरा दिसेना. आवाज मात्र काठोकाठ भरलेल्या हंड्यासारखा होता, हिंदकळायचा पण सांडायचा नाही. रत्नागिरीकडच्या त्या खाडीच्या दोन्ही काठांना जुलेखाबीशिवाय लग्नाचा मांडव गात नसे, आणि त्या दिवशी जुलेखाबी स्वतःच्या सुनेला घरात घेत होती. सेहऱ्याखालून एक हात आला, मेंदीने लाल, ऊन ऊन. ताहेराची आई ती रांगत होती तेव्हाच गेलेली. असा हात तिला कुणी कधी दिला नव्हता. तिने तो धरला आणि उंबरा ओलांडला.

दुसऱ्या दिवशी चुलीपाशी तिने भीत भीत विचारलं, "मां, घराला झाकण कसलं असतं?"

"टोपाला असतं तसलंच," सासू म्हणाली. "आतली वाफ आत ऱ्हायली तर भात शिजतो. चार लोकांपुढं घर उघडं टाकू नये, गो."

ताहेराने ते पदराच्या गाठीला बांधलं. पुढे साडीचा पदर जाऊन ओढणी आली, खाडी जाऊन वाळवंट आलं, पण गाठ सुटली नाही.

आता तो आवाज आखातातल्या मेसईदच्या कंपनी क्वार्टर्समधल्या मागच्या खोलीत राहतो. राहतो म्हणजे काय, फुटक्या काकणासारखा तुकड्या-तुकड्यांनी सापडतो. ताहेराचा नवरा खलील इथल्या खताच्या कारखान्यात स्टोअर सांभाळतो. वडील वारल्यावर त्याने आईला इकडे आणलं. पहिली काही वर्षं मांने या वाळूतही गाव वसवलं. शेजारणींना नारळाच्या दुधातलं कालवण शिकवलं, कुणाच्या डोहाळजेवणाला गाणी म्हटली. मग एकेक ओळ गळायला लागली. ओळींच्या मागून नावं गेली, नावांच्या मागून माणसं. सकाळी ताहेरा तोंड धुवायला पाणी घेऊन गेली की मां तिच्याकडे निरखून बघायची आणि अगदी सभ्यपणे विचारायची, "तू कुणाची गो?"

"तुमचीच," ताहेरा म्हणायची.

"माजी?" मां हसायची. "माजी असतीस तर मी तुला वळखलं नसतं?"

म्हणून तर ही खटपट चालली होती. आजारी म्हाताऱ्यांसाठी सरकारी खर्चाने घरी माणूस पाठवायची एक सोय आहे, दिवसाचे काही तास येऊन तो सगळं बघतो, अशी बातमी ओळखीतल्या उजमाने आणली होती. त्याआधी सरकारी बाई घरी येऊन मांला पाहून जाणार, आणि ती सांगेल तसं होणार. मिळालं तर मां इथेच राहणार. नाही मिळालं तर काय, ते खलीलने एका जेवणाच्या वेळी ताटाकडे बघत सांगून टाकलं होतं. "गावी सोडून येऊ. शेजारची जैनब दोन वेळचं देईल. तुझ्याच्याने आता होत नाही, मला दिसतंय."

गावचं घर म्हणजे आता एक कुलूप होतं. त्या कुलपाआड मांला ठेवायचं, ज्या हाताने आपल्याला आत घेतलं तो हात बाहेर सोडून यायचा, या विचाराने ताहेराचा घास तोंडात फिरत राहिला. आपल्याच्याने होतं, असं ती म्हणाली नाही. होत नव्हतंच.

*

उजमा शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजनंतर दोह्याहून आली. तिथल्या मुशैरिब भागातल्या एका ऑफिसात ती काम करते, माहेर रायगडातलं. स्वतःच्या वडिलांच्या वेळी या सगळ्यातून गेलेली, तेव्हापासून कुणाच्या घरी अशी वेळ आली की आधी एक फेरी मारून माणसांना तयार करते. मागच्या खोलीत मां झोपली होती. उजमाने दिवाणखान्यातली खुर्ची ओढली.

"बसा सगळे. मी आता उजमा नाही, तपासायला आलेली बाई. मां स्वतःच्या हाताने जेवतात?"

"जेवतात की," खलील म्हणाला.

"कपडे?"

"घालतात."

"नमाज?"

"तोंडपाठ आहे तिला."

"संडास-बाथरूम?"

खलीलने घसा खाकरला. "होतं व्यवस्थित."

उजमाने चष्मा काढून ओढणीच्या टोकाने पुसला. "खलीलभाई, स्थळ दाखवायला बसलात काय? मुलगी स्वयंपाकात हुशार, शिवणकाम येतं, स्वभावाने गरीब. मला मांचं लग्न नाही लावायचं."

सुमैया, खलील-ताहेराची अकरावीतली मुलगी, फस्सकन हसली. मग हसू गिळून म्हणाली, "अब्बा, दादी डझन्ट इव्हन नो माय नेम."

"तू गप."

"ती नको गप," उजमा म्हणाली. "ती बोलतेय तेच हवंय मला."

खलील उठून खिडकीशी गेला. बाहेर कारखान्याच्या चिमणीची ज्योत भर दुपारी फिकट दिसत होती. तो पाठमोराच बोलला. "उजमा, आमच्या घरातून गरिबांसाठी जकात बाहेर जाते. घरात येत नाही. माझ्या बापाने कुणापुढे हात पसरला नाही, आणि मी परक्या बाईला सांगू की माझी आई अंथरुणात..." त्याचं वाक्य तिथेच बसलं.

"ही जकात नाही, भाईजान. आणि ती बाई भीक घालायला येत नाही, काय कमी आहे ते बघायला येते. तुम्ही अंधार झाकून ठेवलात तर ती दिवा कशाला देईल?" मग तिचा आवाज उतरला. "माझ्या अब्बांच्या वेळी आम्ही हेच केलं. अब्बांना कोट घालून बसवलं. बाई म्हणाली, माशाल्ला, किती रुबाबदार, आणि गेली. पुढे आम्ही काय भोगलं ते आम्हाला ठाऊक. म्हणून सांगते. त्या दिवशी घर आवरू नका. पलंगावरचं रबरी कापड तसंच असू द्या. डायपरची पाकिटं दिसू द्या. बाथरूमची आतली कडी का काढून टाकलीत ते सांगा. खायला चांगलंचुंगलं करू नका. आणि मांला आधी कळू देऊ नका की कुणी येणार आहे. पाहुणा म्हटलं की या पिढीच्या माणसांना तेवढ्यापुरतं तेज येतं."

सगळ्यांनी माना हलवल्या. लग्नात मौलवीपुढे हलवतात तशा.

जाताना उजमा स्वयंपाकघरात आली. ताहेरा कप विसळत होती.

"भाभी, भाई कामावर, सुमैया शाळेत. दुपारच्या तुम्ही एकट्याच ना? तुम्ही नमाजला उभ्या राहता तेव्हा मां कुठे असतात?"

"पलंगावर."

"आणि उठल्या तर?"

"नाय उठत."

कप कधीच स्वच्छ झाला होता. ताहेरा तो पुन्हा विसळत राहिली. उजमाने तिच्या पाठीवर हात ठेवला, थोडा वेळ ठेवला, आणि काढून घेतला.

नाय उठत. खरंच उठत नव्हती मां, कारण तिला उठता येत नव्हतं.

उन्हाळ्याच्या आधीची गोष्ट. ताहेरा दुपारच्या, जोहरच्या नमाजला उभी होती, सलाम फेरून मागे बघते तो पलंग रिकामा आणि दार उघडं. ती अनवाणी रस्त्यावर धावली. मां सापडली बंदराकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्यावर, जिथून ट्रक सुटलेल्या बैलांसारखे जातात. वसाहतीच्या फाटकावरचा अबूबकर, सुदानचा म्हातारा पहारेकरी, तिचा हात धरून तिला परत आणत होता. मां त्याला समजावत होती की तरीच्या होडीची वेळ झाली, पलीकडे माझं माहेर आहे, होडी चुकली तर रात्र खाडीकाठी काढावी लागेल. अबूबकर मान डोलवत होता. ताहेराला पाहून तो त्याच्या अरबीत, झालं, आई सापडली अशा अर्थाने, एवढंच म्हणाला, "खलास, खलास, मामा," आणि पुढे त्याने ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. ताहेरानेही नाही.

दुसऱ्या दिवशी तिने दाराला कुलूप लावलं. मांने दार असं बडवलं की वरच्या मजल्यावरची मंडळी खाली आली, काय झालं, कुणाला मारताय काय, विचारायला. ताहेराने हसून सांगितलं, काही नाही, दार अडकलं. त्यांच्या नजरा दिवसभर तिच्या पाठीवर चिकटून राहिल्या. तिसऱ्या दिवशी तिने आपली जुनी निळी ओढणी घेतली, मऊ, वापरून वापरून दुधावरच्या सायीसारखी झालेली. एक टोक पलंगाच्या खांबाला, एक टोक मांच्या मनगटाला. आधी फक्त नमाजपुरतं. मग स्वयंपाकापुरतं. मग कपडे वाळत घालण्यापुरतं. मां आधी ओढून बघायची, मग रडायची, मग एक दिवस तिने ओढायचंच सोडलं. ताहेरा दिसली की हात आपणहून पुढे करायची. ऊन ऊन हात. तोच.

ते बघून ताहेराला वाटायचं, आपल्याला जमिनीने पोटात घ्यावं. आणि तरी ती गाठ मारायची. खलील घरी यायच्या आत सोडायची, मनगटाला खोबरेल चोळायची.

*

बाई मंगळवारी सकाळी येणार होती. सोमवारीच घराला लग्नघराची घाई सुटली. कुणी कुणाला सांगितलं नाही. खलीलने डायपरची पाकिटं कपाटावर, पडद्यामागे ढकलली. सुमैयाने, जी शुक्रवारी दादीचं खरं सांगायला निघाली होती तिनेच, खोलीत वासाच्या कांड्या लावल्या. रबरी कापड ताहेराने स्वतः घडी करून पलंगाखाली सारलं आणि वर ईदची चादर घातली. आणि तांदळाच्या रव्याची गोड सांदणं वाफवली. उजमाचं सगळं पाठ असूनही हात थांबेनात. घरात बाईमाणूस येणार आणि तिच्यापुढे रिकामी बशी ठेवायची, हे त्या हातांना येतच नव्हतं.

मंगळवारी सकाळी शेवटी तिने मांचा पूर्ण बाह्यांचा पांढरा झंपर कपाटातून काढला. मनगटावर लालसर वळ होता, फार नव्हता, बांगडी घट्ट झाली की पडतो तेवढा. बाही वर सरकू नये म्हणून ताहेराने मांला झंपर घातल्यावर सुई-दोरा घेतला आणि मनगटापाशी आतून एक बारीक टाका घातला. मां शांतपणे बघत होती.

"कुणाचं लगीन गो?" तिने विचारलं.

"कुणाचं नाय, मां."

"मग पावणं येतायत."

मांच्या पाठीचा कणा तेवढ्यातच ताठ झाला होता.

बाईचं नाव हनिया. जॉर्डनची, मध्यम वयाची, थकलेल्या डोळ्यांची, बोलायला गोड. तिला अरबी आणि इंग्रजी येत होतं, ताहेराला दोन्ही अर्धवट कळायचं, म्हणून मधला माणूस खलील. सुट्टी टाकून तो इस्त्रीच्या शर्टात बसला होता.

हनियाने दारात पाऊल ठेवलं आणि मां उभी राहिली. खुर्चीचा हात न धरता. "अस्सलामु अलैकुम. या, बसा. उन्हातून आलात." मग स्वयंपाकघराच्या दाराकडे वळून, जुन्या घरधनिणीच्या सुरात म्हणाली, "ताहेरा, सरबत आण गो."

ताहेरा भरलेला ट्रे घेऊन बाहेर आली. कित्येक महिन्यांनी त्या तोंडातून तिचं नाव आलं होतं. ते कुठे होतं इतके दिवस? आपल्यासाठी नव्हतं, पाहुणीसाठी राखून ठेवलं होतं. तिला रडू आलं आणि त्या रडण्याचीही लाज वाटली.

हनियाने मांचा हात हातात घेतला आणि आज वार कोणता ते विचारलं. खलीलने मराठीत सांगितलं.

"म्हातारीला सगळे वार जुम्मा," मां म्हणाली. खलीलने ते इंग्रजीत सांगितलं आणि हनिया मनापासून हसली.

सकाळी काय खाल्लं? मांने सांगितलं, घावणे, ओल्या नारळाची चटणी. खरं म्हणजे ताहेराने दुधात कुस्करलेला पाव भरवला होता, निम्मा गळ्यावर सांडला होता.  खलीलने घावणे म्हणजे काय ते हनियाला समजावून सांगितलं.

आंघोळ? "सून हाय ना. ती घालते, मी घालून घेते." खलीलने इंग्रजीत सांगितलं की आंघोळ आई स्वतः करते, सून नुसती जवळ उभी असते. ताहेराने मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. त्याच्या कपाळावर घाम होता, ए.सी. चालू असताना.

"आणि तुम्ही?" हनिया थेट ताहेराकडे वळली. "तुम्ही कामात असता तेव्हा त्या सुरक्षित असतात?"

एवढं इंग्रजी ताहेराला कळलं. तिने तोंड उघडलं. पण खलील आधीच बोलला होता, ती त्यांना एक क्षण एकटं सोडत नाही.

"खरं हाय," मां म्हणाली, जणू तिलाही इंग्रजी कळलं. तिने ताहेराचा हात ओढून मांडीवर घेतला. "माजी लेक नाय, सून. पण लेकीच्या वर. हिनं कधी आवाज चढवला नाय. अल्लाह हिच्या हाताला बरकत देवो."

पांढऱ्या बाहीतलं ते मनगट ताहेराच्या मनगटावर टेकलं होतं. बाही जराही सरकली नाही. टाका पक्का होता.

हनियाने दोन सांदणं खाल्ली, कृती विचारली. टॅब बंद केला. अलहम्दुलिल्ला, म्हणाली, या वयात इतकी तरतरी क्वचित दिसते. घरही किती नीट. ज्यांच्या घरी हाल आहेत त्यांना आधी माणूस द्यावा लागतो, हे तुम्ही समजून घ्याल. इथे इतक्यात तरी गरज दिसत नाही. पुढे काही बदल झाला तर पुन्हा अर्ज करा, इन्शाल्ला.

खलीलने शुक्रन म्हटलं. सवयीने म्हटलं, हसून म्हटलं, आणि मग ते हसू त्याच्या तोंडावर तसंच राहून गेलं, उठलेल्या पंगतीतल्या उष्ट्या पानासारखं. आई पास झाली होती. तिला आता गावी सोडून यायचं होतं.

हनियाने पर्स खांद्याला लावली. तिच्याबरोबर खोलीतला उजेडही उठून उभा राहिल्यासारखा झाला. मांचे खांदे हळूहळू खाली आले. तिने ताहेराच्या हाताकडे पाहिलं, मग तोंडाकडे, आणि डोळ्यांत ते रोजचं सभ्य अनोळखीपण परत यायला लागलं. पण कान अजून जागे होते. स्वयंपाकघरात दुपारच्या भाताचं आधण चढलं होतं, झाकण खडखडत होतं. घरातल्या बाकी कुणाला ते ऐकू आलं नव्हतं.

"उतू जातंय," मां म्हणाली. "झाकान सरकव गो. किती येळ दाबून ठेवशील, चूल इझल."

ताहेरा उठली. टोपाच्या कडेने पांढरा फेस ओघळत होता, गॅस तडतडत होता. तिने झाकण सरकवलं. फेस फुगला, थरथरला, आणि खाली बसला. ती वाफेत उभी राहिली. दाराच्या मागे खिळ्याला निळी ओढणी टांगलेली होती, दोन्ही टोकांना गाठींनी चुरगळलेली, धुऊनही न जाणारी.

ती ओढणी हातात घेऊन बाहेर आली तेव्हा हनिया चपला घालत होती आणि खलील दार धरून उभा होता.

"त्यांना थांबवा," ताहेरा म्हणाली.

"काय झालं?"

"थांबवा. मी बोलते ते त्यांना सांगा. जसंच्या तसं. तुमच्या पदरचं त्यात काही घालू नका."

"ताहेरा, नंतर बोलू."

"नंतर मां नसेल."

हनिया दारात थांबली. खलीलने ओढणीकडे पाहिलं, त्याला काही समजलं नाही. ताहेरा मांच्या पायाशी बसली. मांने तिला बघितलं आणि रोजच्यासारखा आपणहून हात पुढे केला. ऊन ऊन हात. ताहेराने पांढऱ्या बाहीतला टाका नखाने पकडला, दोरा तुटला, बाही वर गेली. तिने ते मनगट उजेडात धरलं. मान मात्र तिला वर करता आली नाही.

"दार उघडून मां एकदा ट्रकच्या रस्त्यावर गेली होती. मी तुम्हाला सांगितलं नाही," ती म्हणाली. "तेव्हापासून रोज, तुम्ही कामावर गेलात की, या ओढणीने मी तिला पलंगाला बांधून ठेवते."